बिबट्याला ऐकू जाईल म्हणून

बाबा, तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर चिडणं बरं दिसत नाही. आई तर म्हणतेच, गेलेल्या माणसाला बोल लावू नये. पण मला बोल लावायचाच आहे, आणि तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लावण्यासारखा नाही. मी तुला अरे-तुरे करायची ते धसईच्या शाळेतल्या बाईंना फार खटकायचं. वडिलांना अहो म्हणावं, असं त्यांनी मला वर्गात उभं करून सांगितलं होतं. घरी येऊन मी तुला अहो म्हणून पाहिलं, तर तू ओ दिलीच नाहीस. तुला वाटलं मागे कोणी पाहुणा उभा आहे. मग मी पुन्हा तू वर आले ती कायमची. आज मी शहापुरात स्वतः शाळेत शिकवते, माझ्या वर्गातली मुलं बापाला पप्पा म्हणतात, आणि मी भर दुपारी तपासायचे पेपर बाजूला सारून तुझ्याशी भांडायला बसले आहे.

कारण आहे कुत्रा. आपल्या घरचा कुत्रा. आपल्या घरचा हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत आणि खाली रेघही मारली आहे. घरी आता आई एकटीच असते. शेत चुलतभाऊ करतो, आई परसात वाल आणि वांगी लावते, आणि तिच्या मागे-पुढे एक काळा कुत्रा असतो, छातीवर पांढरा ठिपका असलेला. तू गेल्यावर घरात जे कुत्रे झाले त्यातला हा सगळ्यात शहाणा. नदीकडच्या माळावर आता प्लॉट पडलेत, भिंती उभ्या राहिल्यात, आणि त्यातल्या एका बंगल्यात ठाण्याची एक बाई शनिवार-रविवार येऊन राहते. बाई एकटी आहे, मुलगा परदेशात. तिच्याकडे कोंबडी शिजली की आपला कुत्रा तिकडे जायचा आणि हाडं खाऊन संध्याकाळी आईच्या दारात हजर. त्यात काही वावगं नव्हतं, तूही त्याला अडवलं नसतंस. भात झोडून झालं त्या सुमारास ती बाई आईच्या अंगणात आली. आई सूप घेऊन पाखडत बसली होती, कुत्रा तिच्या पायाशी. बाईने विचारलं, "आजी, हा कुत्रा कोणाचा?" आणि आईने तू शिकवलेलं उत्तर दिलं, "कोनाचा नाय. हितलाच हाय." बाई म्हणाली, "म्हणजे तुमचा नाही ना?" आई म्हणाली, "नाय गो बाय." बाईने पुन्हा विचारलं, "नक्की? कोणी मागायला नाही ना येणार?" "कोन येतंय मागाया," असं म्हणून आई पाखडत राहिली. रविवारी बाईची गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून आपल्या कुत्र्याचं तोंड बाहेर बघत होतं. आईला वाटलं, धसईच्या बाजारापर्यंत फिरवून आणतील.

हे बाहेरच्या माणसाला कसं समजावायचं ते तूच सांग. घाटाखालच्या आपल्या गावांना बिबट्या नवा नाही. तुम्ही वाडीतली माणसं त्याला वाघच म्हणायचात. अंगणातून कोंबडी आणि कुत्रं नेणं हे त्याचं ठरलेलं, आणि आपल्या वाडीचा समज असा की तो नुसता वास घेत नाही, ऐकतो. माणूस ज्याला माझं म्हणतो ते रानाच्या कडेला बसून ऐकतो आणि नेमकं तेच उचलतो. म्हणून कुत्र्याला नाव ठेवायचं नाही, गळ्यात काही बांधायचं नाही, आणि कोणी विचारलं कोणाचा, तर कोणाचाच नाही म्हणायचं. वाडीतली बाकीची घरं हे अर्धं थट्टेवारी न्यायची. तू मात्र ते असं पाळायचास की जसं काही तुला बिबट्याने स्वतः येऊन दम दिला होता. आणि त्याच कुत्र्याचे तू केलेले लाड मी बघत नव्हते का. तू जेवायला बसलास की पहिली भाकरी मोडून अर्धी उंबऱ्याबाहेर जायची. उरलेली नाही, पहिली. खळ्यावर बसून तू त्याच्या कानातल्या गोचिडी एकेक करून काढायचास, घासलेटच्या वाटीत टाकायचास, आणि त्याने मान हलवली की त्याच्याशी जितक्या हळू बोलायचास तितकं हळू आमच्याशी कधी बोलला नाहीस. कोणी वाटेने जाताना म्हणालं, काय रे, तुझा कुत्रा का, की लगेच हात झटकून उठायचास. "छे. फिरतो हितं."

तांबडा कुत्रा तुला आठवतच असेल. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या आणि वरच्या आळीतली एक पोर त्याच्या शेपटीला दोरी बांधत होती. मी तिच्या अंगावर धावून गेले आणि सगळ्यांदेखत ओरडले की तो माझा कुत्रा आहे. तू बैलाला पाणी दाखवायला आला होतास. सगळ्यांसमोर तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, "बोल, कोनाचा नाय." मी बोलेना. "बोल गो." मी रडत रडत बोलले. त्यानंतर पाऊस ओसरत आला तेव्हा तांबडा गेला. गोठ्यामागे ओढत नेल्याच्या खुणा होत्या आणि थोडं रक्त. नुसतं माझ्याकडे पाहिलंस, आणि मग किती तरी दिवस पाहायचंच बंद केलंस. बाबा, मी एवढीशी होते. माझ्या एका शब्दाने कुत्रा मेला हे ओझं मी कॉलेजात जाईपर्यंत वाहिलं. बिबट्याला भूक लागली होती आणि कुत्रा उघड्यावर झोपला होता, एवढी साधी गोष्ट होती ती. बिबट्याला मराठी येत नाही, हे तू मला जवळ घेऊन सांगायला हवं होतंस. ते कुणीच सांगितलं नाही, माझं मलाच शोधून काढावं लागलं.

आणि हे कुत्र्यांपाशी थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. दहावीला मी शाळेत पहिली आले. मुरबाडला मोठ्या शाळेत नाव घालायला तू मला घेऊन गेलास, नवं धोतर नेसून, टोपी नीट करून. तिथले हेडमास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही तुमची मुलगी का?" तू खाली बघून म्हणालास, "हाय. आमच्याकडंच असते." ऑफिसातली सगळी माणसं हसली. त्यांना वाटलं खेडवळ माणूस लाजतोय. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. लग्न ठरलं तेव्हाही तेच. सासरची मंडळी ओटीवर बसली होती, आणि तू माझ्याबद्दल असा बोलत होतास की जणू शेजारच्या घरची एक बरी मुलगी त्यांना सुचवतोयस. "पोरगी कामाला चांगली हाय, शिकलेली हाय." सासूबाई नंतर कितीदा तरी मला म्हणाल्या, तुझ्या बापाला तू सावत्र होतीस का गं. काय उत्तर देणार मी त्यांना? बिबट्या ऐकेल म्हणून, असं सांगू?

तू गेलास त्या दिवशी तेव्हाचा कुत्रा तुझ्या पायांकडे जाऊन बसला आणि उठेना. आलेला प्रत्येक माणूस हळहळला. मुकं जनावर, पण माया बघा, धन्याला सोडत नाही. कोणी त्याला पाणी दिलं, कोणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मीही तिथेच बसले होते बाबा, सकाळपासून. माझ्याकडे बघून कुणी म्हटलं नाही, पोर बघा कशी बसली आहे. त्या दिवशीही मला राग आला होता, पण त्या दिवशी रागावायची सोय नव्हती.

असो. तर कुत्रा ठाण्याला गेला आणि आईने मला फोन केला तो चांगले आठ-दहा दिवस गेल्यावर. तोपर्यंत ती वाट बघत होती. आवाजावरून काही कळलं नाही, पण बोलता बोलता म्हणाली, "एकटीसाठी तवा कोन तापवील, चहा नि बटर खातंय." मी रविवारी गेले तर घराची कळा गेलेली. वांग्यांना पाणी नव्हतं. पातेल्यात आदल्या दिवशीचा भात तसाच होता. आई दारात बसली होती आणि तिचा चेहरा इतका लहान झाला होता की मला भीती वाटली. मी म्हटलं, चल माझ्याकडे शहापूरला, नातवंडं आहेत, मन रमेल. ती म्हणाली, "आनि तो आला नि मी नसली तर?" मी म्हटलं, आई, कुत्रा तुझा आहे तर तू त्या बाईला तुझा नाही असं का म्हणालीस? तर माझ्यावरच खेकसली, "हळू बोल." ऐन दुपारी, अंगणात दुसरं कोणी नसताना, हळू बोल. तुझं राज्य अजून चालू आहे, बाबा.

बंगल्याच्या माळ्याकडून मी फोन नंबर घेतला आणि शाळेत रजा टाकून ठाणं गाठलं. नववा मजला, गुळगुळीत फरशी, आणि त्या फरशीवर आपला कुत्रा. अंगाने भरला होता. गळ्यात लाल पट्टा. बाईने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. त्याने मला पाहिलं, उठला, आधी माझ्या पिशवीत तोंड घातलं आणि मग येऊन माझ्या पावलांवरच आडवा झाला. पोटाखाली माझी दोन्ही पावलं अडकली, मला हलता येईना. बाई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"तुमच्या आईंना मी पुन्हा पुन्हा विचारलं हो," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या कोणाचा नाही."

"आमच्याकडे तसंच म्हणतात."

"तसंच म्हणजे? गळ्यात पट्टा नाही, एक लस टोचलेली नाही, कानात गोचिडी. पंज्यात जुना काटा होता, डॉक्टरांनी काढला. आपल्या कुत्र्याला असं ठेवतात का? बरं, याचं नाव काय?"

"नाव नाही."

"इतकी वर्षं तुमच्या दारात आहे, आणि साधं नाव नाही?"

बाबा, ती बाई वाईट नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं. काटा तर आम्हाला दिसलाही नव्हता. पण तिथे त्या गार फरशीवर बसून एक परकी बाई मला विचारते आहे की तुम्ही माया करता तर ती दिसत का नाही, आणि माझ्याकडे सांगायला काय आहे, तर तुझा बिबट्या. मला तिचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त तुझा आला. तीनदा विचारल्यावर तीनदा नाही म्हणायला लावणारी ही कसली माया? वाटेल त्याने कुत्र्याला गाडीत घालून न्यावं आणि आपण तोंड शिवून बसावं? मी म्हटलं, "हा आमचा कुत्रा आहे. माझ्या आईचा आहे, माझा आहे, माझ्या बापाच्या घरचा आहे." नवव्या मजल्यावर ऐकायला कोणी बिबट्या नव्हता. तरी बोलून झाल्यावर मी आधी खिडकीकडे पाहिलं.

बाई म्हणाली, विचार करा, इथे त्याला काही कमी नाही, तिकडे कधी काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, "खरंय. मग आईलाही इथे आणून सोडते. तिनेही जेवण सोडलंय. दोघांना सांभाळा." बाई खाली बसली. बराच वेळ कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घर तिचंही रिकामंच होतं, ते मला दिसत होतं, आणि दिसूनही मी मऊ झाले नाही. शनिवारी आणून सोडते म्हणाली, तर मी नाही म्हटलं. शेवटी तिनेच गाडीची किल्ली घेतली. कल्याण, मुरबाड, धसई असा रस्ता, आणि मागच्या सीटवर कुत्रा झोपलेला. मुरबाड सोडल्यावर तो उठला आणि काचेला नाक लावून उभा राहिला तो घर येईपर्यंत.

आई आनंदाने काही बोलेल, धावत येईल, असं त्या बाईला वाटत असावं. आई उठली, कुत्र्याकडे एकदा बघितलं, "आलास व्हय," म्हणाली आणि आत चूल पेटवायला गेली. कुत्रा तिच्या पाठोपाठ उंबऱ्यापर्यंत. बाईचे डोळे भरले होते. तिने दारातून विचारलं, "आजी, मग तेव्हा का नाही सांगितलंत, तुमचा आहे म्हणून?" आई म्हणाली, "असा बोलत नाय बाय. वाघ ऐकतो." मग मी अंगणात उभी राहून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आमचा आहे. ऐकू दे ज्याला ऐकायचं त्याला." आईने आधी रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईने जाताना पट्टा काढून घेतला नाही. तो आईने नंतर काढला आणि खुंटीला लावून ठेवला.

बाई गेल्यावर मी आईवर तोंड सोडलं. तांबड्यापासून सगळं बाहेर काढलं. हेडमास्तर, सासूबाई, ती मयताची सकाळ. म्हटलं, त्या माणसाने जन्मात एकदाही मला माझी म्हटलं नाही, आणि तू त्याचीच री ओढत बसलीस, आज कुत्रा गेला होता, उद्या मीही गेले असते तरी म्हणाली असतीस, कोणाची नाय, हितलीच हाय. आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"बोलायचा की तुजा बाप," ती म्हणाली.

"कधी?"

"दुपारचा. तू शालंतनं आलीस की हितं ओटीवर झोपायचीस. तो शेतावनं यायचा, कुत्र्याला तुज्या उशाशी बसवायचा नि त्याच्या कानात सांगायचा."

"काय सांगायचा?"

"ही माजी हाय. हिच्यावर ध्यान ठेव." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तांबड्याला सांगला, त्याच्या मागच्याला पन सांगला. तुजा लगीन होयीपर्यंत रोज."

"मग मला का नाही सांगितलं कधी?"

"तुला?" आई म्हणाली. "तू बोलून टाकली असतीस इहिरीवर."

मला वाटतं त्या क्षणी मला जितका राग आला तितका आजवर कधी आला नव्हता. कुत्र्याला सांगितलंस. दारातल्या एकेका कुत्र्याला पक्कं माहीत होतं की मी कोणाची, आणि मी मात्र मुरबाडच्या ऑफिसात खाली मान घालून उभी होते. झोपलेल्या माणसाला सांगितलेलं सांगितलं धरत नाहीत, बाबा. कानात सांगितलेलं तर नाहीच, तेही दुसऱ्याच्या. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी कुढले ते माझ्या उशापासून हातभर अंतरावर रोज बोललं जात होतं, आणि मला कुणी हलवून उठवलं नाही. याला माया म्हणायचं असेल तर म्हण. मी माफ केलेलं नाही, आणि आई काय म्हणेल म्हणून करणारही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तुला तर अक्षर लागतच नव्हतं, धसईहून आलेला कागद तू मलाच वाचायला द्यायचास. आईला वाचून दाखवलं तर मधेच म्हणेल, हळू बोल. तेव्हा घडी घालून ठेवून देते.

एक मात्र कबूल करते. हल्ली रविवारी आईकडे गेले की जेवण झाल्यावर मी ओटीवर आडवी होते आणि डोळे मिटून घेते. काळा कुत्रा येऊन उशाशी बसतो. आईला वाटतं मला झोप लागली. मी जागीच असते.